हौदात सोडलेलं माळावरचं कासव

बाळांनो, डोळे मिटा आणि माझ्यासोबत निलंग्याजवळच्या एका शेतात चला. शहरातले पाहुणे इथं हुरडा खायला, बैलगाडीत बसायला येतात. आज लातूरहून बस भरून आलेत. मधोमध सिमेंटचा नवा हौद आहे, मोटारीचं पाणी त्यात धो धो पडतंय, आणि भोवती ही गर्दी!

शेताचे मालक संगमेशमामा पाटीतून एक कासव उचलतात. माळावर सापडलेलं. काळ्या पाठीवर पिवळ्या चांदण्या!

"देवळात नंदीपुढं दगडाचं बघता ना? हे खरंखुरं हाय! हात लावा, फोटो काढा!"

आणि मामा ते हौदात सोडतात. डुबुक! टाळ्या, शिट्ट्या!

मामांची दहा वर्षांची भाची अंजू कठड्यावरून वाकून बघत होती. कासव पोहतच नव्हतं. नखांनी भिंत खरवडत, मान ताणून नाक वर काढत होतं. आणि पाणी वाढत होतं.

"मामा, बुडायलंय ते!"

"येडी का काय? कासव कधी बुडत असतंय का? उद्या म्हणशील, बेडकाला सर्दी झाली!"

सगळे खो खो हसले. अंजूचं लक्ष कासवाच्या पायांकडे होतं. नदीतल्या कासवाच्या बोटांत पडदा असतो, वल्ह्यासारखा. याचे पाय तर हत्तीसारखे, नुसते खांब! हे कोरड्या जमिनीवर चालणारं कासव.

नाक पाण्याखाली गेलं. वर एक बुडबुडा आला.

अंजूनं धाडकन उडी मारली! गुडघाभर पाण्यात चाचपडत तिनं कासव उचललं आणि डोकं खाली करून धरलं. तोंडातून पाणी गळलं. हसणं थांबलं. एक पाय हलला. मग दुसरा!

"हललं! हललं!" बसमधली पोरं नाचायला लागली.

मामा कपाळाला हात लावून म्हणाले, "आगं, कासव म्हणजे पाण्यातलंच, एवढंच ठाव मला. बरं, आता खाटेवर ठेवू. पावण्यांचे फोटो तरी होतील."

त्यांनी हात पुढं केला, तसं कासवानं फुस्सकन डोकं आत ओढून घेतलं.

"भ्यायलंय ते, मामा. अन् असलं कासव पाळायला कायद्यानं बंदी हाय."

"मग पावण्यांना काय दाखवू?"

"बैलं हायत की!"

अंजूनं कासव लिंबाच्या सावलीत, कोरड्या पाटीत ठेवलं. मामांच्या खिशातला फोन काढून वनखात्याचा नंबर शोधून लावला. पलीकडून 'हॅलो' येताच ती एका दमात म्हणाली, "साहेब, लवकर या, ह्याला माळावर परत जायचंय!"