काळ्या मेणाची पेटी

माझी सून विजयमाला सोलापूरच्या विद्यापीठात मेण काळं करती, असं भावकीत हसून सांगत्यात. हसू द्यात. मी गोजाबाई, जलमभर मेंढरं राखली; ती काय करती ते मला ठावं हाय.

गेल्या उन्हाळ्यात आंत्रविषाराची लस मेंढरांच्या तळावर पोचेस्तोवर बर्फाचं पाणी झालं. जनावरांच्या डॉक्टरनं लस फेकून दिली, आणि पावसाळ्यात माझी निम्मी कोकरं गेली. तवाच विजूनं मनावर घेतलं. लस न गोठवता गारवा धरून ठेवणारं मेण तिला गावलं, पण ते आधी फ्रीजमधी गोठवावं लागतं, आणि आमच्यात लाइट येती घटकाभर. तेवढ्यात मेण कडंनं गोठायचं, मधी पातळच राहायचं. मग तिनं त्यात कार्बनच्या नळ्या मिसळल्या. केसापरास लई बारीक, डोळ्याला नुसती काळी भुकटी. त्या नळ्या उष्णता झटक्यात हिकडची तिकडं नेत्यात, म्हणली. आता तेवढ्याच लाइटीत मेण आतपर्यंत गोठतंय.

औंदाची लस त्या मेणानं मढवलेल्या पेटीतनं न्यायची ठरली. विजू डॉक्टरला घेऊन गाडीवर पुढं गेली. मी टेम्पोत, पेटी माझ्या मांडीवर. झाकण उघडायचं न्हाय, असं बजावून गेली.

आता मला सांगा, मे महिन्याची दुपार, रस्त्यात चुलतदीर कल्लप्पा दात काढून इचारतो, सुनेचं काळं मेण कुटं निघालं? गप बसणाऱ्यातली मी न्हाय. उघडून दावलं. हात घाल म्हणलं. पुढं पानपट्टीवर दावलं, पिठाच्या गिरणीवर दावलं. सून माझी, मी न्हाय दावायचं तर कुणी?

तळावर विजूनं इचारलं तवा खरं ते सांगितलं. पोरीचं तोंडच उतरलं. डॉक्टर माझ्यावर खेकसला आणि आतलं तापमान बघितलं. पाच. परत बघितलं. पाचच. लस चांगली हाय, मेंढरं धरा, म्हणला.

आत शिरलेली धग सगळ्या मेणानं मिळून खाल्ली, असं विजूनं मला समजावलं. मग हळूच म्हणली, "आत्या, लॅबमधी उन्हात झाकण उघडून बघायचं माझं धाडस झालं नव्हतं."

"मला बोलवायचं की," मी म्हणले.

परतताना विजू माझ्यासंगं टेम्पोत बसली. कल्लप्पा तितंच उभा. मी तोंड उघडायच्या आत विजूनंच टेम्पो थांबवला, खाली उतरली, पेटी त्याच्या म्होरं ठेवली आणि आपल्या हातानं झाकण काढलं.

"घाला हात, मामा."