माझ्या तोंडातला धडधाकट गुडघा

मी एक जुना लाकडी पाय आहे. डावा. मित्रांनो, मला बघून नाक मुरडू नका. ते काम मी स्वतःच आयुष्यभर करत आलो आहे. मला वरच्या बाजूला एक खोबण आहे, तिला मी तोंड म्हणतो. माणसं तिच्यात आपला उरलेला पाय कोंबतात. घाम, पू, मलम, कुबट मोजे. चव विचारू नका.

कृत्रिम पायांच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. कारागिराने मला तासलं, घासलं आणि एका ट्रकचालकाला दिलं. त्याने माझं फार कौतुक केलं. नसलेल्या पायाचा अंगठा खाजतो म्हणून तो कधी कधी मलाच खाजवत बसे, आणि कुणी त्याला वेडा म्हणत नसे. तो गेल्यावर मी परत आलो आणि फळीवर धूळ खात पडलो.

मग एक शिंपी आला. डाव्या पायाचं माप घ्या म्हणाला. आमच्याकडची रीत अशी की, माप शाबूत पायाचं घ्यायचं, म्हणजे जोडी जुळते. कारागिराने मान वर न करता उजव्याचं माप घेतलं. डाव्याकडे वळला, तर तोही शाबूत! गुडघ्याच्या जरा वर शिंप्याच्या खडूची सरळ रेघ.

"इथपर्यंत मी," शिंपी म्हणाला. "खालचा माझा नाही. लहानपणापासूनच नाही. डॉक्टर कापत नाहीत. तुम्ही पाय तयार ठेवा, बाकीचं मी बघतो."

ज्या पायासाठी ट्रकचालक उशीत तोंड खुपसून रडला, तसला पाय हा चुकलेल्या बाहीसारखा उसवून टाकायला निघाला होता.

कारागिराने त्याला आधी शिव्या घातल्या, मग चहा पाजला आणि त्याच्या बायकोला बोलावून घेतलं. तिला सगळं ठाऊक होतं. शिंप्याच्या घरात कात्र्या कुलपात असतात, हे तिच्याकडूनच कळलं. मनाचे डॉक्टरही पेचात होते. चांगला पाय कापायचा कसा? आणि न कापावा, तर हा स्वतःच काहीतरी करून बसायचा; पायही जाईल, माणूसही. कारागीर म्हणाला, नसलेला अंगठा खाजतो हे आपण मानलं, मग याचंही मानू. पण मानणं म्हणजे हातात करवत देणं नव्हे.

शेवटी डॉक्टरांना विचारून एक तोड निघाली. शिंपी दुपारी कारखान्याच्या मागच्या खोलीत येतो, मला फळीवरून काढतो, पाय दुमडून पोटरी मांडीला पट्ट्याने बांधतो आणि तो जिवंत, घामट गुडघा माझ्या तोंडात देतो. मग आरशासमोर चालतो आणि चक्क हसतो. मला शिसारी येते. ट्रकचालकाच्या घामाला निदान कारण होतं. हे औषध की त्या ओढीला खतपाणी, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. मी तर लाकूड.

एकदा तो पट्टा सोडेना. पाऊल निळं पडलं होतं. "मरू दे त्याला," म्हणाला. सोबत आलेल्या बायकोने खाली बसून पट्टा सोडला आणि पाऊल मांडीवर घेऊन चोळू लागली.

"तुमचा नसेल तर नसू दे. माझा आहे असं समजा," ती म्हणाली. "आणि माझ्या वस्तूला मला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही."

शिंप्याने ते पाऊल बुटात घातलं, उसनी वस्तू जपून ठेवावी तसं.

मित्रांनो, किळस आली तर येऊ द्या. मला अजूनही येते. तोंड जरूर फिरवा. फक्त त्याआधी पट्टा सैल करा.