तार बरी आहे

टेबलाखाली आडवा होऊन, तोंडात टॉर्च धरून सदूनं तारेचं टोक काढलं, त्यावर फुंकर मारली, सदऱ्याच्या कडेनं पुसलं आणि परत खाचेत बसवलं. बसताना ते टिचकन वाजलं असणार. त्याला ते बोटाला कळलं. मग गुडघ्यावर हात देत तो उठला, खुर्चीत बसला आणि संगणकाच्या पडद्याच्या कोपऱ्यातल्या इंटरनेटच्या चिन्हाकडे बघू लागला. चिन्हावरची लाल फुली तिथंच होती.

आज शुक्रवार. मागचे दोन रविवार फुकट गेले होते आणि तिसरा परवावर येऊन ठेपला होता.

सदूची मुलगी सुचिता न्यूझीलंडला एका वृद्धाश्रमात नर्स होती. दर रविवारी सकाळी नऊला, तिकडे दुपार कलली की, ती बापाला संगणकावर भेटायची. सदूनं एकतीस वर्षं कारखान्याच्या कॉम्प्रेसर हाऊसमध्ये काढली होती आणि निवृत्तीला शाल, घड्याळ आणि बहिरेपण असा तिहेरी आहेर घेऊन तो किहीमला घरी आला होता. कानातलं यंत्र त्याला माणसांपेक्षा भांडीच जास्त ऐकवायचं, म्हणून ते डबीत पडून होतं. फोनचा तर प्रश्नच नव्हता. मोबाइलवर सुचिताचे ओठ तांदळाच्या दाण्याएवढे दिसत. संगणकाच्या मोठ्या पडद्यावर मात्र तिचा चेहरा चांगला परातीएवढा यायचा. म्हाताऱ्यांशी बोलायची सवय असल्यामुळे ती एकेक शब्द सुटा करून बोलायची आणि सदू तिचे ओठ वाचायचा. आठवड्यातला तेवढा एक तास तो बहिरा नसायचा.

मुलगा सुजित याच घरात राहत होता. वादळात आडव्या झालेल्या माडांच्या जागी त्यानं पाहुण्यांसाठी तीन खोल्या बांधल्या होत्या आणि त्यांच्याचसाठी पडवीत इंटरनेटचा राउटर बसवला होता. त्या राउटरपासून आपल्या खोलीपर्यंतची तार मात्र सदूनं स्वतः ओढली होती, कौलांखालून, हाताहातावर चाप मारत. पहिल्या रविवारी संगणक जोडला जाईना तेव्हा त्यानं सुजितला हाक मारली. सुजितनं दारातूनच बघितलं.

“मशीन जुनी झाली, बाबा. भंगारात द्या आता.”

पुढचं जे काही तो बोलला ते अंगणाकडे तोंड करून बोलला, त्यामुळे सदूला कळलं नाही. या घरात सदूपासून काही राखून ठेवायचं तर कुणाला कुजबुजावं लागत नसे. नुसती मान वळवली की भागायचं. सदूला ते ठाऊक होतं. पण मुलानं तोंड फिरवलं की बापानं दरवेळी वाईट वाटून घ्यायचं म्हटलं तर दिवस कसा सरायचा?

जुनी झाली म्हणे. असं बोलणाऱ्याला सदूनं कॉम्प्रेसर हाऊसमध्ये दारात उभं केलं नसतं. यंत्र बंद पडलं की एका टोकापासून निघायचं, एकेक सांधा तपासायचा, बरा निघाला त्याच्यावर खडूनं खूण करायची आणि पुढं सरकायचं. वयाला दोष देणं हे तपासायचा कंटाळा असलेल्याचं काम. त्यानं वही काढली. संगणक गोधडीत गुंडाळला, रिक्षात मांडीवर धरून अलिबागला नेला. दुकानदारानं तो आपल्या तारेला लावला, एका मिनिटात चालू करून दाखवला आणि काका, बिघाड असलाच तर घरी बघा, असं कागदावर लिहून दिलं. वहीत सदूनं टिपलं: मशीन बरी. राहिली तार.

मधल्या खोलीत पुण्याचा निकेत उतरला होता. समुद्रावर यायचं आणि दिवसभर लॅपटॉप उघडून पडवीत बसायचं, अशांपैकी हा एक. पण मुलगा भला होता. सदूला ऐकू येत नाही हे कळल्यापासून बोलताना आपणहून समोर येऊन उभा राहायचा. सदू त्याच्यापाशी गेला.

“जरा माझ्या तारेला तुमचं यंत्र लावून बघता काय?”

निकेत किंचित मागं सरला, मग हसून उठला. सैपाकघराच्या दारातून सदूच्या बायकोनं, आवडाबाईनं, तळवा खाली दाबत नेहमीची खूण केली: हळू. संसाराची चाळीस वर्षं तो तळवा खाली दाबला जात होता. सदूनं नेहमीसारखी मान डोलावली आणि नेहमीसारखा विसरला.

निकेतचा लॅपटॉप त्या तारेवर लावल्याबरोबर चालू झाला. सदूनं दुसरी ओळ लिहिली: तार बरी. लिहिताना त्याला आधी आनंद झाला आणि मग तो थांबला. मशीन बरी, तार बरी, मग बिघाड राहिला कुठं?

निकेतनं पडवीतला राउटर उलटा करून तळाच्या चिठ्ठीवरचा पासवर्ड वाचला आणि लॅपटॉपवर त्याचं पान उघडलं. घरात कोण कोण जोडलेलं आहे त्याची यादी आली. पाहुण्यांचे फोन, टीव्ही, फाटकावरचा कॅमेरा, सून अमिषाचा फोन. निकेत बोट ठेवून एकेक नाव सदूला दाखवत गेला. मग त्यानं दुसरं पान उघडलं आणि त्याचं बोट थांबलं. ते पान त्यानं घाईघाईनं मिटवलं. सदूनं चष्मा नाकावर चढवला, त्याचं मनगट धरलं आणि ते पान परत आणायला लावलं.

कुणाकुणाला जोडून घ्यायचं नाही, त्याची ती यादी होती. तिच्यात एकच नाव होतं, सुजितनं इंग्रजी अक्षरांत घातलेलं: बाबा पीसी. पुढं तारीख होती, पहिल्या चुकलेल्या रविवारची. वेळ सकाळी आठ चाळीस.

निकेतनं लॅपटॉप सदूकडे वळवला. मग समोर येऊन, ओठ नीट हलवत म्हणाला,

“काका, इथं एकदा दाबलं की होईल चालू. काढू का?”

सदूनं मान हलवली.

“न्हाय. ज्यानं कुलूप घातलं त्यानंच काढायचं. आमच्या कामावर तसंच व्हतं.”

कामावर यंत्र दुरुस्तीला घेतलं की आत उतरणारा माणूस वीज बंद करून स्विचला आपलं कुलूप घालायचा, त्याला आपल्या नावाचं लाल कार्ड बांधायचा आणि चावी खिशात टाकायचा. कुलूप दिसलं की समजायचं, आत माणूस आहे. साहेबसुद्धा दुसऱ्याच्या कुलपाला हात लावत नसे. एकदा एका शहाण्यानं घाई म्हणून ते तोडलं आणि आत उतरलेल्या जांभेकराचा उजवा हात खांद्यापासून गेला. तेव्हापासून कार्डावरचं नाव वाचल्याशिवाय सदू कुठल्याच स्विचला शिवला नव्हता. हे सगळं निकेतला सांगत बसण्याऐवजी तो उठून आत गेला.

ट्रंकेत तळाशी तसली चार कार्डं उरली होती. एकाला सुतळी ओवून त्यानं त्यावर लिहिलं. नाव: सुजित. तारीख घातली. खाली कारणाची ओळ होती. तिथं पेन टेकवून तो थोडा वेळ बसला आणि ती ओळ कोरीच ठेवली. मग ते कार्ड नेऊन त्यानं राउटरला बांधलं.

दिवेलागणीला सुजित मांडव्याच्या धक्क्यावरून नवे पाहुणे घेऊन आला. सदू अंगणात सुपारी कातरत बसला होता. सुजितनं कार्ड बघितलं, वाचलं, उलटून मागची बाजूही बघितली. मग खिशातून फोन काढला आणि त्याचा अंगठा तीन वेळा हलला. कार्ड सोडवून त्यानं खिशात घातलं आणि पाहुण्यांच्या पिशव्या उचलून तो खोल्यांकडे गेला. जेवताना त्यानं बापाला कोलंबीचं कालवण दोनदा वाढलं. सदूला वाटत होतं, आता बोलेल, आता बोलेल. सुजित हात धुऊन उठला.

खोलीत गेल्यावर सदूनं बघितलं, तर कोपऱ्यातली लाल फुली गेली होती. ज्याचं कुलूप त्यानं काढलं होतं. रीतीप्रमाणे झालं होतं, पण त्याला बरं काही वाटेना.

शनिवारी सकाळी आवडाबाई मागच्या दारी बोंबील निवडत होती. सदूनं तिला कारण विचारलं. तिनं मान खाली घातली. तो पाटा ओलांडून तिच्या समोर जाऊन उकिडवा बसला. तिनं मान दुसरीकडे वळवली, तर तोही तिकडे सरकला. शेवटी तिला ओठ हलवावे लागले.

“पावन्यांनी कायतरी लिवलंय म्हनं. तुमच्या रविवारच्या बोलन्याचं. मला कुठं वाचता येतंय?”

“तुला ठावं व्हतं तर.”

आवडाबाईनं तळवा खाली दाबला. त्या वेळी सदू किती मोठ्यानं बोलला होता, ते तिलाच ठाऊक.

तो खोलीत आला आणि दोन आठवडे इंटरनेटविना पडलेल्या संगणकावर त्यानं सुजितच्या खोल्यांचं नाव टाकलं. पाहुण्यांची मतं ओळीनं समोर आली. कुणी आवडाबाईच्या हातच्या पापलेटाचं कौतुक केलं होतं, कुणी समुद्रावरच्या संध्याकाळींचे फोटो टाकले होते. पाचापाच चांदण्यांच्या त्या रांगेत एका ठिकाणी दोनच होत्या.

“जागा सुंदर, जेवण उत्तम. पण रविवारी सकाळी घरातला एक म्हातारा तासभर जोरजोरात ओरडत होता. मुलं घाबरून उठली.”

सदू आठवू लागला. त्या रविवारी त्यानं सुचिताला कोवळ्या फणसाची भाजी कशी फोडणीला टाकायची ते सांगितलं होतं. तिच्या गुडघ्याची चौकशी केली होती. तिथल्या थंडीत पायमोजे घालून झोप म्हणाला होता. एवढंच आठवत होतं. ओरडल्याचं काही आठवत नव्हतं, आणि कसं आठवणार? आपण बोलतो असंच त्याला इतकी वर्षं वाटत आलं होतं.

त्या मताखाली मालकाचं उत्तर होतं, सुजितच्या नावानं.

“झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व. तो आमच्या वाडीवरचा जुना गडी आहे. त्याला समज दिली आहे. पुन्हा असं होणार नाही.”

सदूनं ते दोनदा वाचलं. म्हातारा म्हटल्याचं त्याला काही नव्हतं. ओरडतो हेही खरंच असणार, मुलं काही उगाच घाबरत नाहीत. गडी या शब्दाशी मात्र त्याची नजर अडकून राहिली. आणि समज दिली, असं लिहिलं होतं. ती तरी द्यायची. समोर उभं राहून, ओठ हलवून, बाबा जरा हळू बोला, एवढं सांगितलं असतं, तर त्यानं लेकाच्या धंद्यासाठी तोंडात बोळा कोंबून घेतला असता. पण मुलाला बापासमोर उभं राहण्यापेक्षा त्याचं यंत्र तोडणं सोपं गेलं. सदूला रडू आलं. रडण्याचाही आवाज होत असेल म्हणून त्यानं तोंडात टॉवेल धरला.

रविवारी तिन्ही खोल्या भरलेल्या होत्या. पावणेनऊला सदूनं दाढी केली, धुतलेला सदरा घातला, खोलीचं दार लावलं आणि खिडकीची एक झडप ओढून घेतली. दुसरीला पावसाळ्यापासून फुगवटा होता, ती लागेना. नऊला सुचिता पडद्यावर आली, मोठी, हसरी, केस ओले. दोन रविवार कुठं होतात, बाबा, असं तिनं एकेक शब्द सुटा करून विचारलं.

सदूनं उजवा तळवा गळ्यावर ठेवला. बोललं की गळा थरथरतो, मोठ्यानं बोललं की जास्त, एवढं त्यानं काल दिवसभर बसून शोधून काढलं होतं. तो बोलू लागला. तळव्याखाली गळा थरथरला तसा त्यानं आवाज उतरवला. आणखी उतरवला. थरथर अगदी थांबल्यावर त्याला धीर आला आणि मनात दोन आठवडे साठलेलं सगळं तो सांगू लागला. मागच्या दाराच्या मांजरीला झालेली पिल्लं, अलिबागची रिक्षा, निकेत.

सुचितानं कपाळाला आठ्या घातल्या. पडद्याजवळ आली, कानावर बोट ठेवलं आणि नकारार्थी हलवलं.

“बाबा, आवाज येत नाही.”

त्यानं पुन्हा सांगितलं, तसंच. उघड्या झडपेतून पडवी दिसत होती. सुजित पाहुण्यांच्या टेबलांवर चहाचे कप मांडत होता. हातात ट्रे घेऊन तो क्षणभर थांबला आणि त्यानं या खोलीकडे बघितलं. सदूनं तळवा गळ्यावर आणखी घट्ट दाबला.

“ओठ हलताना दिसतायत फक्त,” सुचिता म्हणाली. “माईक गेला वाटतं. मशीन जुनी झाली का तुमची?”

तिचे ओठ थांबेपर्यंत सदू बघत राहिला. वहीच्या उघड्या पानावर त्याच्याच अक्षरात दोन ओळी होत्या: मशीन बरी, तार बरी. त्यानं वही मिटली.

“व्हय गं,” तो म्हणाला. “मशीनच जुनी झाली.”

तेही तिला ऐकू गेलं नाही.