मास्तर घाटात झोपले

ठण्ण. ओट्यावरचा चमचा निसटून फरशीवर पडला आणि ती जिथल्या तिथे थिजली. आतून लेकीने कूस बदलल्याची चाहूल आली, मग पुन्हा सामसूम. नवऱ्याने पांघरुणातूनच एक डोळा उघडून 'जा, मी आहे' अशी खूण केली. दार तिने असं ओढलं की कडीलाही कळू नये. लेक झाल्यापासून ती अशीच जगत होती, कुणाला न उठवता.

आज तिची परीक्षा होती. लेक होण्याआधी ती गाड्यांच्या कारखान्यात टेस्ट ड्रायव्हर होती. नवी गाडी बाजारात जाण्याआधी घाटात नेऊन पार पिदडायची आणि काय कुरकुरतं, काय लटपटतं ते शोधायचं, हे तिचं काम. लेकीसाठी घेतलेली तीन वर्षांची सुट्टी संपवून परतली तर साहेब म्हणाले, आता घाट नको, ऑफिसात टेबल देतो. ती हटूनच बसली. शेवटी ठरलं, तिने एकदा घाट चढून दाखवावा. शेजारी मास्तर बसतील, ते म्हणतील ती पूर्व दिशा.

मास्तरांनीच तिला हे काम शिकवलं होतं. माणूस मायेचा, पण जिभेला हाड नाही. पट्टा लावता लावता त्यांनी विचारून घेतलं, हात अजून स्टिअरिंगचेच आहेत की पाळण्याच्या दोरीचे झाले?

तिने किल्ली फिरवली. घाट सुरू झाला. डावीकडे ओला कातळ, उजवीकडे दरीत पिंजलेल्या कापसासारखे ढग, आणि रस्ता तर असा लाडात आलेला, की दर वळणाला मागे वळून स्वतःचीच शेपूट बघायचा. तिच्या हातांना लय सापडली. गिअर अलगद पडत होते. आपण काहीतरी गुणगुणतोय हेही तिच्या ध्यानात आलं नाही. माथ्यावर गाडी थांबवून तिने शेजारी पाहिलं, तर मास्तर काचेला डोकं टेकून, तोंड उघडं टाकून घोरत होते.

आधी तिला कोण आनंद झाला. मग चूक उमगली. सगळे खड्डे तिने चुकवले होते. एकदाही ब्रेक करकचून दाबला नव्हता. गाडीत दहा खोडी असत्या तरी एकही जागी झाली नसती.

तसंच खाली नेलं असतं, तर मास्तरांनी लाजेखातर 'उत्तम' म्हटलं असतं. मोह झालाच. पण तिने त्यांचा खांदा हलवला.

"मास्तर, उठा. चुकले मी. गाडी तपासायची सोडून तुम्हाला निजवत आणलं."

मास्तरांनी ओठ पुसले. मग त्यांचे खांदे गदगदा हलायला लागले. या घाटात मला ओकायला लावणारे पुष्कळ भेटले, ते म्हणाले, अंगाई म्हणणारी तूच पहिली.

"वळव गाडी. आणि लेक आजोळी गेलीय असं समज."

मग काय विचारता! गाडी वळणांवर अशी झेपावली की कातळ अंगावर येऊन बाजूला झाला. एकही खड्डा तिने सोडला नाही. मास्तरांनी दारावरची मूठ गच्च धरली. इतक्या दिवसांनी ती मोठ्यांदा हसत होती. एका अवघड वळणावर पुढून बारीकसं 'कर्र' झालं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तिने गाडी मागे घेतली, तेच वळण पुन्हा तस्संच मारलं. पुन्हा कर्र.

"डावं पुढचं चाक," ती म्हणाली.

मास्तरांनी घाम पुसला. "घाट तुझा. त्या टेबलावर साहेबांना म्हणावं फुलदाणी ठेवा."

संध्याकाळी लेकीला भरवताना तिने सगळं रंगवून सांगितलं. लेक रिकामी ताटली दोन्ही हातांनी फिरवत गाडी चालवत होती. माथा आल्यावर ताटली थांबली. मग पुढे?

पुढे काही नाही गं, ती म्हणाली, तिथून आम्ही सगळेच मागे वळतो. आमच्यातलं पुढे कुणी कधी गेलंच नाही.

लेकीने घास गालात ठेवून बराच विचार केला.

"तू वळलीस. मग रस्ता एकटाच कुठे गेला?"