उभी तार, आडवी तार

पौषातली सकाळ कोकणातल्या वेताळसड्यावर, त्या उघड्या कातळपठारावर, उतरते ती पाऊल न वाजवता. आधी पूर्वेकडची सह्याद्रीची नीलधूसर भिंत उजळते, मग तिच्या माथ्यावर केशराची बारीक रेघ उमटते, आणि मग एकाएकी सगळा कातळ, सुकल्या गवतानं मढलेला सुवर्णपिंगट कातळ, प्रकाशानं काठोकाठ भरून जातो. पश्चिमेला दोन टेकड्यांच्या खाचेतून समुद्राचा एक निळा तुकडा दिसतो. आंब्याच्या कलमांवर मोहोर आलेला असतो आणि वारा अजून उठायचा असतो.

त्या सड्याच्या कडेला, चिऱ्याच्या एका बसक्या घराच्या अंगणात, बांबूवर बांबू आणि त्यावर आणखी एक बांबू बांधून तांब्याची एक तार थेट आभाळात गेली होती. ताम्रवर्णी, तन्वंगी, ताठ. ऊन पडलं की झळकायची, वारा आला की गुणगुणायची. वाडीतली माणसं तिला रेडीजांची काठी म्हणत. मुकुंदराव रेडीज तिला एरियल म्हणत, आणि तो शब्द उच्चारताना त्यांची मान किती ताठ होई ते त्यांच्या बायकोला, वसुधावहिनींना, विचारावं.

मुकुंदराव निवृत्त मास्तर. जन्मभर पोरांना भूगोल शिकवला आणि जन्मभर एकच नाद केला: रेडिओच्या लघुलहरींवर जगाचं बोलणं ऐकायचं. स्वतः बोलायला सरकारचा परवाना लागतो, तो त्यांच्याकडे नव्हता. ऐकायला कान लागतात, ते होते. रोज सकाळी चहाचा कप रेडिओशेजारी ठेवून ते बटण फिरवू लागत, आणि त्या खरखरीच्या महासागरातून एकेक आवाज वर येई. दर्यावरच्या जहाजांचं बोलणं. बर्फाळ कुठल्या देशातली, संथ स्वरात हवामान सांगणारी बाई. वाळवंटापलीकडचं, अर्थ न कळणारं, पण काळीज हलवणारं गाणं. चहा निवून जाई आणि वहिनी तो न बोलता पुन्हा गरम करून आणत.

आवाज जितका लांबचा तितकं त्याचं मोल मोठं, असं हे शास्त्र. जवळचं काय, कोणीही ऐकेल. या नादाच्या माणसांत मिरवायचं ते सातासमुद्रापलीकडचं. मुकुंदरावांनी ती उभी तार त्यासाठीच निवडली होती, वर्षानुवर्षं वाढवत, एकेक बांबू जोडत. ती क्षितिजाकडं कान लावून उभी असे आणि समुद्र ओलांडून आलेलं अलगद टिपून घेई. साऱ्या पृथ्वीचं ते ऐकत होते.

एक कोल्हापूर तेवढं सोडून.

कोल्हापूर म्हणजे सह्याद्रीच्या भिंतीपलीकडचं पहिलं मोठं गाव. तिथं श्रीधर काजरेकर राहत होता. श्रीधर याच वाडीतला, मुकुंदाच्याच बाकावर बसलेला, मुकुंदाच्याच ताटात जेवलेला. दोघांनी मिळून भंगारातला एक रेडिओ आणला होता, तो दुरुस्त केला होता, आणि त्याच्यासाठी तार बांधायला श्रीधरच्या परसातला माड निवडला होता. ते दिवस! माडाच्या झावळ्यांत हिरवा काळोख, खाली सारवलेलं खळं, खळ्यात कानाला हेडफोनचं यंत्र लावून बसलेला मुकुंदा, आणि वर, वाऱ्यात डुलणाऱ्या शेंड्याशी, दातांत तार धरून चढलेला श्रीधर. मुकुंदा खालून ओरडे, अजून वर. श्रीधर चढे. अजून वर. श्रीधर चढे. मग अचानक खरखर फाटे आणि कुठल्या तरी अज्ञात देशातलं वाद्य त्या खळ्यात घुमू लागे, आणि श्रीधर माडावरूनच विचारी, लागलं का रे काही? त्या वयात सुख म्हणजे एवढंच होतं, आणि ते पुरून उरत होतं.

पुढं दोघांनी बोलण्याच्या परवान्याची परीक्षा दिली. ऐकून लिहायच्या पेपरात मुकुंदा पहिला. पण कट्ट-कडकट्ट करत मोर्सच्या खुणा पाठवायच्या आल्या तेव्हा त्याचा हात थरथरला, आणि तो नापास झाला. श्रीधर पास झाला. वाडीत पेढे वाटताना श्रीधर चार माणसांत हसत म्हणाला, "आमच्या मुकुंदाचे कान सोन्याचे, पण हात लाकडाचे." माणसं हसली. श्रीधरच्या मनात काही नव्हतं हो, थट्टाच ती. पण शब्द जिव्हारी लागला तो लागला.

महिनाभरात श्रीधरला कोल्हापूरला नोकरी लागली. एसटी सुटायच्या वेळी त्यानं खिडकीतून हात बाहेर काढला, म्हणाला, तिकडून बोलेन, तू ऐकत जा. मुकुंदानं तो हात घेतला नाही. "तू बोलत बस," तो म्हणाला. "मी ऐकणार नाही." लाल धुळीत एसटी दिसेनाशी झाली.

आणि हा गृहस्थ शब्दाला जागला. चाळीस वर्षं. हिंदुस्थानातले आणि आसपासचे परवानेवाले हौशी लोक सकाळी ज्या लहरीवर जमून एकमेकांची ख्यालीखुशाली विचारतात, तिथं काटा आला की मुकुंदराव तो पुढं ढकलत. हट्ट म्हणावा तर असा. नाकासमोर चालणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात असणारा हा सज्जन माणूस, पण या एका बाबतीत कानात बोळे घालून बसला.

बायकांनी मात्र हा अबोला कधी पाळला नव्हता. श्रीधरची बायको नलिनी आणि वसुधावहिनी, दोघी संक्रांतीला आणि दिवाळीला फोनवर तासभर बोलत, आणि काठीला आणखी एक बांबू जोडला की तीही बातमी कोल्हापूरला पोचे. यंदा संक्रांतीला अजून अवकाश होता, तरी नलिनीचा फोन आला. वहिनी बराच वेळ नुसतं "हं, हं" करत राहिल्या. मग फोन ठेवून त्या ओटीवर आल्या आणि जे होतं ते सरळ सांगून टाकलं.

श्रीधरच्या घशात गाठ होती. स्वरयंत्र काढून टाकायचं ठरलं होतं. सोमवारी ऑपरेशन. तोवर रोज सकाळी तो त्या लहरीवर बोलणार होता, आणि रविवारी शेवटचं. त्यानंतर श्रीधर असेल, देव करो आणि असो, पण श्रीधरचा आवाज या जगात असणार नाही.

मुकुंदराव समुद्राच्या त्या निळ्या तुकड्याकडं बघत राहिले. वहिनी म्हणाल्या, "फोन करा की."

"काय बोलू?"

"मग?"

"ऐकतो. नुसतं ऐकलं की झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीस वर्षांत पहिल्यांदा तो काटा त्या लहरीवर थांबला. आधी बदकासारखी कॅं-कॅं, मग बटण केसभर फिरवलं तशी त्या कॅं-कॅंतून माणसं निघाली. चेन्नईचा कुणी दाक्षिणात्य हेलात नमस्कार करत होता. दिल्लीचा कुणी थंडीची तक्रार सांगत होता. कोलंबोचा कुणी खोकत होता. सगळे लख्ख, सगळे स्पष्ट. आणि मग मध्येच सगळे गप्प होत. खरखर. नुसती खरखर. आणि त्या खरखरीनंतर चेन्नईवाला म्हणे, "वा, काजरेकरजी, क्या बात है," आणि सगळे हसत.

म्हणजे श्रीधर बोलत होता. त्याच खरखरीच्या जागी बोलत होता. सारा देश त्याला ऐकत होता, त्याला उत्तरं देत होता, त्याच्या विनोदांना हसत होता, आणि सगळ्यांत जवळ राहणाऱ्या मुकुंदरावांना मात्र त्याच्या आवाजाच्या आकाराची नुसती पोकळी ऐकू येत होती. असा अर्धा संवाद ऐकणं फार वाईट.

त्यांनी अडगळीतून एरियलची सगळी आयुधं बाहेर काढली. अंगणात उन्हाची चादर, आणि तिच्यावर एकेक मांडलेलं: लांबवता येणारी चकचकीत सळी, तांब्याच्या नळीचा गोल लूप, जुन्या वायरीची भेंडोळी. सळी लावून पाहिली, तिनं काहीच दिलं नाही. लूप पाहिला. त्यानं अर्धी खरखर गिळली, आणि श्रीधरलाही गिळून टाकलं. शुक्रवारी त्या लूपमधून एकदा कुणीतरी कुजबुजल्यासारखं झालं, आणि मुकुंदराव जीव कानात गोळा करून बसले, पण तेवढ्यात लहरीवरची सभा संपली.

काय करायला हवं हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं, ही खरी गोष्ट. एवढा मुरलेला माणूस, त्याला का कळू नये? आवाज वाहून नेणाऱ्या रेडिओच्या लाटा जमिनीवरून निघतात, वर, फार वर, आयनांबराच्या अदृश्य छताला लागतात आणि परत खाली येतात. लांबचा आवाज तिरका जातो, तिरका येतो, तो झेलायला उभी तार. पण डोंगरापलीकडच्या शेजाऱ्याचा आवाज थेट वर जातो आणि थेट डोक्यावर पडतो, कारंज्याच्या पाण्यासारखा. उभ्या तारेला क्षितिज ऐकू येतं, स्वतःच्या माथ्यावरचं काही ऐकू येत नाही. जवळच्याला ऐकायचं तर तार आडवी करावी लागते. आणि खाली घ्यावी लागते, माणसाच्या हाताला लागेल इतकी खाली.

तेवढ्या लांबीची चांगली तांब्याची तार घरात एकच होती. ती बांबूवर होती.

शनिवारी सकाळीही त्यांनी त्याच उभ्या तारेवर ऐकलं, आणि तीच पोकळी ऐकली. चेन्नईवाला आज हसला नाही. तो हळू आवाजात म्हणाला, "कल आइए, काजरेकरजी. कल सब आएँगे." मुकुंदराव अंगणात आले आणि मान उंच करून त्या शेंड्याकडं बघत उभे राहिले. किती वर्षांचं वैभव ते. वहिनी धुणं वाळत घालत होत्या. त्यांनी एक पिळलेलं धोतर झटकलं.

"कोल्हापूर कुठं आणि तुम्ही बघताय कुठं," त्या म्हणाल्या. "भावजी काय ढगात राहतात?"

मुकुंदरावांची मान वरच राहिली.

"उद्या शेवटचं. परवा मग ही काठी घेऊन बसा आणि ऐका सगळं जग." वहिनींनी धोतर दोरीवर टाकलं. "मला मेलीला काय कळतं त्यातलं, पण खाली घ्यायची तर घ्या की हो."

दुपारी ऊन कलतीला लागलं तेव्हा दोघांनी मिळून दोर सोडले. बांबू करकरला, कलला, आणि त्याच्याबरोबर ती ताम्ररेखा, ती ताठ, तेजस्विनी, अनेक पावसाळ्यांत न वाकलेली तार, सैल होत, वळत, लवत गवतावर येऊन पडली. मुकुंदरावांनी ती मापून मधोमध कापली. कापताना वहिनींनी तारेचं दुसरं टोक घट्ट धरून ठेवलं. मग चिकूच्या झाडापासून गोठ्याच्या खांबापर्यंत, कपडे वाळत घालायच्या दोरीच्या उंचीवर, त्यांनी ती आडवी बांधली आणि मधल्या कापापासून एक वायर रेडिओपर्यंत नेली. लांबून बघणाऱ्याला वाटावं, दोरी रिकामी, रेडीजांच्याकडे आज धुणं नाही.

रविवारची सकाळ. केशराची रेघ उमटली, कातळ उजळला, मोहोराचा कडवट गोड गंध ओटीपर्यंत आला. मुकुंदरावांनी कानाला यंत्र लावलं. दिल्ली आज क्षीण होती, कोलंबो तर बुडालाच होता. कॅं-कॅं. केसभर बटण. अजून केसभर.

आणि श्रीधर ओटीवर येऊन बसला.

इतका जवळ. चिरका झालेला, खरवडलेला, मध्येच श्वासासाठी थांबणारा, पण तोच, वाक्याच्या शेवटी वेताळसड्याचा हेल काढणारा तोच आवाज. कोल्हापुरात चार दशकं काढूनही गड्यानं हेल तेवढा जपला होता. तो हिंदीत बोलत होता, मधूनच मराठीत घसरत होता. थंडी चांगली पडलीय म्हणाला. नलिनीनं लाडू केलेत पण गिळवत नाहीत म्हणाला. मुकुंदराव डोळे मिटून ऐकत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसावं हेही त्यांना सुचत नव्हतं.

"तर मंडळी," श्रीधर म्हणाला, "खूप बोललो जन्मभर. उद्यापासून मी नुसता ऐकणारा. बोलत राहा म्हणजे झालं. कुणीतरी माझ्याशी बोलत राहा."

मग नमस्कार, मग सगळ्यांचे नमस्कार, मग लहर रिकामी झाली. खरखर पुन्हा पसरली, समुद्रासारखी, सर्वव्यापी, सनातन. मुकुंदरावांनी यंत्र उतरवून ठेवलं. नुसतं ऐकलं की झालं, असं हा माणूस म्हणाला होता. पण झालं नव्हतं. ऐकणं पुरलं नव्हतं.

वहिनींनी स्वतःच्या फोनवर नलिनीचा नंबर लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला.

पलीकडं घंटी वाजत राहिली. मग कुणीतरी उचलला. "वसुधावहिनी? बोला," तो चिरका आवाज म्हणाला. मुकुंदरावांनी तोंड उघडलं. शब्द येईना. फोनमध्ये नुसता श्वास ऐकू जात राहिला. पलीकडचाही श्वास थांबला, मग हळूच सुटला.

"मुकुंदा," श्रीधर म्हणाला. "तार खाली घेतलीस होय रे?"

"घेतली," मुकुंदा म्हणाला. आणि मग तो बोलू लागला. हुंदक्यात, तुटक, अडखळत, मग न अडखळता, चाळीस वर्षांचं, वाडीचं, माणसांचं, पेढ्यांच्या त्या संध्याकाळचं, सगळं. पलीकडं श्रीधर ऐकत होता. अंगणात ऊन चढत होतं, मोहोर झरत होता, आणि चिकू ते गोठ्यापर्यंत ती तांब्याची तार लवून झळकत होती, आडवी, निवांत, हाताला लागेल इतकी खाली.