उशिराचा धक्का

ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या त्या उपांत्य सामन्यात रोवेनाने मूठ मारून चेंडू सीमारेषेबाहेर उडवला आणि त्याच झेपेत कोपर एडीच्या बरगडीत रुतवलं. अंपायरची पाठ होती. एडी गुडघ्यांवर पडली, उठली आणि आपल्या जागी जाऊन उभी राहिली.

रोवेनाला तेवढ्याने समाधान नव्हतं. विशीही न गाठलेल्या त्या पोरीने तिचं काहीच वाकडं केलेलं नव्हतं. पण ती ग्लेन लिडगार्डची मुलगी होती.

लिडगार्ड एकेकाळी रोवेनाचा कोच होता. मूंटा या छोट्या गावाच्या धुळकट मैदानावर मुलग्यांत खेळणाऱ्या रोवेनाला त्यानेच ॲडलेडला आणलं होतं. मग एका सामन्यात तिच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. ऑपरेशननंतर ती भुलीच्या गुंगीत पडली होती, तेव्हा टीव्हीवर लिडगार्ड सांगत होता की क्लब तिला सोडतो आहे. काही शरीरं या खेळासाठी घडलेलीच नसतात. आईने टीव्ही बंद केला, पण तोवर ऐकून झालं होतं.

पुढे पर्थच्या एका क्लबने तिला घेतलं. दिवसा ती शाळेतल्या मुलींना पोहायला शिकवी, संध्याकाळी सराव करी. गुडघ्यावर बर्फ धरून बसली की लिडगार्डचा चेहरा कसा पडेल याचं चित्र ती मनात रंगवत राही. एकेका मोसमागणिक ते चित्र जास्तच रेखीव होत गेलं. आता हा तिचा शेवटचा मोसम होता. आज जिंकलं की पुढच्या शनिवारी अंतिम सामना, जो ती आजवर एकदाही खेळली नव्हती. समोर लिडगार्डचा संघ होता, आणि त्याच्या मुलीला अडवायचं काम रोवेनाने मागून घेतलं होतं.

एडीच्या डाव्या खांद्याचं दुखणं तिला लवकरच कळलं. उंच चेंडूला पोरगी एकच हात वर नेई. झटापटीत जर्सीखालचा पट्ट्यांचा जाड थर रोवेनाच्या हाताला लागला.

मध्यंतरात कर्णधार जोसीने संत्र्याची फोड तिच्या हातात ठेवली आणि विचारलं,

“तू चेंडूच्या मागे आहेस की पोरीच्या?”

“दोघांच्या.”

जोसी पुढच्या मुलीला फोड द्यायला वळली.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये रोवेनाने एडीला कवेत पकडून डाव्या खांद्यावर पाडलं. नियमात बसणारी पकड होती. दोघी गवतात गालाला गाल लागेल इतक्या जवळ पडल्या. एडी ओरडली नाही. ओठ न हलवता म्हणाली,

“पुन्हा मार. जोरात.”

“जीभ आवर, पोरी.”

“टोमणा नाही मारत. खांदा निखळतोय सारखा. बाबा दुखणं मारायच्या सुया टोचून मैदानात उतरवतात मला. उठताच आलं नाही, तरच बाहेर काढतील.”

“मग सांग ना त्यांना तसं.”

एडीने तिच्याकडे पाहिलं. “तू सांगितलं होतंस?”

रोवेना उठली. गुडघा तुटायच्या आधी कितीतरी दिवस तो दुखत होता, हे तिने आईलाही कधी सांगितलेलं नव्हतं.

शेवटच्या क्वार्टरमध्ये पर्थचा संघ बराच पुढे होता. एडीने घरंगळता चेंडू उचलून लांब लाथाडला. खाडीवरून येणाऱ्या वाऱ्याने तो आणखी दूर नेला. चेंडू गेल्यावर अंगावर जाणं नियमाबाहेर होतं; रोवेनाला थांबता आलं असतं. सीमारेषेवरून लिडगार्ड ओरडत होता, धाव एडी, धाव. रोवेना थांबली नाही. तिने एडीला उजव्या बाजूने, न दुखणाऱ्या अंगावर, कंबरेचा धक्का दिला.

धक्का फार जोराचा नव्हता. हे तिला ठाऊक होतं, आणि पडणारीलाही. पण एडी या वेळी उठली नाही. शिट्टी वाजली, मैदानभर हुर्यो उडाली, अंपायरने रोवेनाचा नंबर नोंदवून घेतला. स्ट्रेचर आलं.

सामना जिंकला. तिच्या कोचने तिला बाजूला घेऊन सांगितलं की चेंडू गेल्यावर धक्का आणि वर पोरगी जखमी, म्हणजे बंदी येणारच. अंतिम सामना विसर. तिने मान हलवली.

मैदानातून ड्रेसिंग रूमकडे जाणाऱ्या बोगद्यात लिडगार्ड वाट अडवून उभा होता. मागे हात झोळीत घातलेली एडी. आजूबाजूला खेळाडू, कॅमेरेवाले.

“राग माझ्यावर होता ना?” तो म्हणाला. “मग पोरीवर का काढलास? तिचा खांदा कामातून गेला.”

एकच वाक्य बोलायचं होतं. तुमच्या मुलीनेच मला मारायला सांगितलं. इतकी वर्षं रंगवलेला तो चेहरा इथेच, सगळ्यांसमोर पडला असता. रोवेनाने तोंड उघडलं. एडी तिच्याकडे पाहत होती.

“हो, तुमच्यावरच होता,” रोवेना म्हणाली. “ती मध्ये आली.”

लिडगार्डने मान हलवली. हे उत्तर त्याला कळण्यासारखं होतं. तो एडीच्या पाठीवर हात ठेवून निघाला. दोन पावलांवर एडीने तो हात हलकेच बाजूला केला आणि एकटीच पुढे गेली.

आत जिंकलेल्या मुली रिंगण करून क्लबचं गाणं म्हणत होत्या. जोसीने दारातून तिला हाक मारली. रोवेनाने बुटांच्या नाड्या सोडायचं निमित्त केलं आणि गाणं संपेपर्यंत बाहेरच वाकून राहिली.