कानातली सणक

“आणि दुखतं तेव्हा कानात सणक जाते का?”

स्टुलावर बसलेला पॅकिंग खात्यातला माणूस क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग कंबरेवरचा हात त्याने उचलून कानाशी नेला. “जाते की बाई. भयंकर जाते.”

“कंबरेतून कानात?”

बाकावर बसलेले सगळे हसले. तोही ओशाळून हसला, टोपी उचलली आणि कामावर परत गेला.

कारखान्याच्या दवाखान्यात मी सव्वीस वर्षं नर्स होते. डॉक्टर आठवड्यातून दोनदाच यायचे. एरवी रजेची चिठ्ठी द्यायची की माणसाला परत मशीनवर पाठवायचं, हे मीच ठरवायचे. कंबर दुखो, पोट दुखो, शेवटी मी अगदी सहज कानाचं विचारायचे. खरा आजारी माणूस गोंधळून ‘नाही’ म्हणायचा. सोंग करणारा ‘हो’ म्हणायचा, कारण त्याला वाटायचं, जितकं जास्त दुखेल तितकी चिठ्ठी पक्की. लोक मला एक्स-रे बाई म्हणत. माझ्या पाठीमागे म्हणत, पण मला ते कळलं होतं, आणि खोटं कशाला बोलू, आवडलंही होतं.

सुरुवातीला मी अशी नव्हते. पहिल्याच वर्षी पाय मुरगळला म्हणून लंगडत आलेल्या एकाला मी आठ दिवसांची रजा दिली. चौथ्या दिवशी तो मला मैदानावर धावण्याच्या शर्यतीत दिसला. त्याचा दुसरा नंबर आला होता. त्या दिवसापासून मी माणसांचं बोलणं खरं मानायचं सोडलं आणि मला वाटलं, आपण शहाण्या झालो.

शहाणपण असं की ते दवाखान्यात कुलूपबंद करून ठेवता येत नाही. ते घरी आलं. शेजारीण गोड बोलली की मी म्हणायचे, “हिला काहीतरी हवं असणार.” माझे हे आमच्याच कारखान्यात लेथ मशीनवर टर्नर होते. लग्नानंतरची पहिली काही वर्षं संध्याकाळी आम्ही गेटपासून घरापर्यंत बोलत बोलत चालत यायचो. त्यांच्या शर्टाला मशीनच्या तेलाचा वास, माझ्या हातांना जंतुनाशकाचा. एकदा त्यांनी दोन रविवार खर्ची घालून माझा बंद पडलेला रेडिओ दुरुस्त केला. गाणं लागलं आणि माझ्या तोंडून निघालं, “काय हो, काय मोडलंत?”

“अगं, काही नाही मोडलं. तुला आवडतो म्हणून केला.”

मी तरी घरभर फिरून बघून आले.

तर त्या मंगळवारी पॅकिंगवाला गेला आणि दारात हे उभे. इतक्या वर्षांत दवाखान्याची पायरी चढले नव्हते.

“सिस्टर, आमचा नंबर लागेल का?”

बाकावर खसखस पिकली. मी चेहरा कोराच ठेवला. “काय होतंय?”

“खांदा. डावा. जड काही उचललं की इथून वर चढतं.” त्यांनी गळ्यावरून जबड्यापर्यंत बोट फिरवलं. “थांबलं की कमी होतं.”

बाकावरची सहा-सात माणसं कान टवकारून बसली होती. नर्सबाई नवऱ्याला सोडते की धरते, हे त्यांना बघायचं होतं. मी विचारलं, “दुखतं तेव्हा कानात सणक जाते का?”

त्यांनी बाकावरच्या माणसांकडे बघितलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, “जाते.”

“सापडला!” मागून कोणीतरी ओरडलं. “बाईंच्या घरचाच सापडला!”

सगळे हसले. मीही हसले. “जा, मशीन वाट बघतंय.”

“अगं, खरंच...” एवढं म्हणून ते थांबले. “बरं,” म्हणाले आणि गेले. त्या दिवशी जेवताना मी हीच गोष्ट त्यांना पुन्हा हसत हसत सांगितली. त्यांनी पाणी मागितलं.

चार महिन्यांनी, शनिवारी दुपारी, फोन वाजला. शनिवारी दुपारी कारखान्यात सगळ्यांनाच काही ना काही दुखायचं.

“बाई, टर्निंग खात्यातून बोलतोय. एक माणूस खाली बसलाय. छातीत दुखतंय म्हणतोय. तुम्ही या लवकर.”

“म्हणतोय ना? बोलतो तो चालतोही. पाठवा इकडे.”

“पण बाई, ते...”

मी फोन ठेवला. त्या खात्यात साठ माणसं होती. त्यांतलं एक माझं, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. मी पट्ट्या कापत बसले. एक डझन कापल्या, घड्या घातल्या, डब्यात रचल्या. कुणी येईना तेव्हा मनात म्हटलं, बघा, चालायचं म्हटल्यावर बरा झाला.

मग बाहेरच्या लांबलचक फरशीवर लोखंडी चाकांचा खडखडाट ऐकू आला. माल वाहायची ढकलगाडी. ती ढकलत क्रेनवाले भावजी पळत येत होते; ह्यांचे जुने मित्र. गाडीवर गोणपाटावर हे आडवे होते. चेहरा राखेसारखा, कपाळावर घाम. एक चप्पल पायात, एक नाही.

“चालत पाठवा म्हणालात,” भावजी धापा टाकत म्हणाले. “उठले, दहा पावलं चाललेही. मग मीच ऐकलं नाही तुमचं.”

मी काय काय केलं ते सगळं हातांनी केलं. जिभेखाली गोळी, शर्टाची बटणं, अ‍ॅम्ब्युलन्ससाठी फोन. नाडी सापडेना, मग सापडली, मग पुन्हा निसटली. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये मी त्यांचं मनगट धरून आकडे मोजत होते. ते डोळे मिटून होते. एकदाही त्यांनी ‘दुखतंय’ म्हटलं नाही.

मोठ्या रुग्णालयात तरुण डॉक्टरांनी भराभर विचारलं, “त्रास कधीपासून?”

“आजच,” मी म्हणाले. “आधी काहीच नव्हतं. मी नर्स आहे.”

भावजी भिंतीशी उभे होते. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “चार-पाच महिने झाले, डॉक्टर.”

मी वळून बघितलं.

“मशीनवर चढवायचे जड लोखंडी जॉब आम्हीच उचलून द्यायचो त्याला. जिन्यात दोनदा बसायचा. खात्यात सगळ्यांना माहीत होतं.” मग चाचरत म्हणाले, “वहिनींना सांगू नका म्हणाला होता.”

“कळ कुठे जायची?”

“खांद्यात. जबड्यात. कानापर्यंत जायची म्हणाला.”

“जाते कधीकधी,” डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाले. “हृदयाचं दुखणं जबड्यात, कानातही जातं. कुणाला दाखवलं नाही का आधी?”

भावजी गप्प बसले. माझ्यावरचे त्यांचे ते उपकार मी फेडू शकले नाही.

बाकड्यावर बसले तेव्हा मला उमगलं की माझा कानाचा प्रश्न ह्यांना तोंडपाठ होता. ‘हो’ म्हणणारा खोटा ठरतो, हे त्यांना ठाऊक होतं. मीच रोज घरी येऊन सांगायचे. ‘नाही’ म्हटलं असतं तर सुटले असते. तरी ते ‘जाते’ म्हणाले.

हे वाचले. मशीनवरचं काम सुटलं, रुग्णालयातून घरी आले. आठव्या दिवशी मी धीर करून विचारलं, “मला का नाही सांगितलंत?”

“सांगितलं होतं की,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

पुढे अकरा वर्षं ते माझ्याबरोबर राहिले. रक्तदाब बघायला मी समोर बसले की हात पुढे करायचे. गोळ्या घ्यायचे. पण “कसं वाटतंय?” म्हटलं की उत्तर एकच: “छान आहे.” दम लागलेला असायचा, ओठ निळसर दिसायचे, आणि “छान आहे.” मी चिडले, रडले, शपथा घातल्या. ते माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचे, “अगं, खरंच छान आहे.”

रविवारी क्रेनवाले भावजी यायचे. एकदा मी चहा घेऊन निघाले आणि आतून शब्द ऐकू आले, “कोपऱ्यापर्यंत जाताना तीनदा थांबलो रे. आता झोपताना उशाही दोन लागतात.” मी दाराआड तशीच उभी राहिले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना गाठून औषध बदलून आणलं. तेव्हापासून दर रविवारी माझ्या चहाला फार वेळ लागू लागला. नवऱ्याची तब्येत कळावी म्हणून मी माझ्याच घरात चोरासारखी उभी राहायचे.

असे किती रविवार गेले कोण जाणे. एका रविवारी भावजींनी विचारलं, “संध्याकाळी पाय सुजतात का रे? बोटाने दाबलं की खड्डा पडतो का?”

मी दचकले. हा प्रश्न क्रेन चालवणाऱ्या माणसाचा नव्हता. मुद्दाम कुठूनतरी विचारून आणलेला होता, आणि दाराकडे तोंड करून विचारलेला होता.

 माझ्या हातातले कप वाजू नयेत म्हणून मी ताट छातीशी धरलं.

“पडतो,” हे म्हणाले. शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला ऐकू जायला लागतो त्याहून कितीतरी मोठ्या आवाजात. “डाव्या पायाला जास्त.”